पावसातले भंडारदरे आणि सायकलचा दिवा

घोटी सोडून बारीच्या दिशेने निघालात की डाव्या-उजव्या हाताला भातखाचरांचे पाणी लुकलुकू लागते, आणि कळसूबाईचा माथा ढगात गेलेला असतो. १,६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर पावसाळ्यात क्वचितच दर्शन देते. बारी मागे पडते, घाट वळत जातो आणि आपण शेंडी गावात, भंडारदऱ्याच्या धरणापाशी येऊन पोहोचतो. प्रवरेवरील हे धरण १९१० साली बांधायला घेतले आणि १९२६ साली पूर्ण झाले. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणाला व आर्थर हे नाव जलाशयाला मिळाले. आज या जलाशयाला आद्य क्रांतिवीर राघोजी भांगरे यांचे नाव आहे, आणि ज्या डोंगरांत त्यांनी इंग्रजांशी झुंज दिली तेच डोंगर या पाण्यात आपले प्रतिबिंब पाहतात, हे अधिक उचित वाटते.

अहिल्यानगर जिल्हा म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे अवर्षणाचा प्रदेश येतो. अकोले तालुक्याचा हा पश्चिम कोपरा मात्र त्या कल्पनेला छेद देतो. घाटघर आणि रतनवाडी ही जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाची ठिकाणे. जुलै-ऑगस्टमध्ये इथे पाऊस नुसता पडत नाही, तो वास्तव्याला येतो. धुके रस्त्यावर बसकण मारते, डांबर काळे कुळकुळीत होते आणि दुपारच्या चारलाच घरांतून दिवे लागलेले दिसतात.

वाचकहो, अशा दिवसांत सायकल घेऊन जलाशयाची प्रदक्षिणा करण्याचे खूळ अलीकडे वाढीस लागले आहे, आणि त्यात केवळ तरुण नाहीत. साठी-सत्तरीतील मंडळीही आहेत. गुडघ्यांवर पळण्याइतका भार पडत नाही, हृदयाला व्यायाम मिळतो, मन रमते, म्हणून निवृत्तीनंतर सायकलकडे वळलेले अनेक जण आपल्याही परिचयाचे असतील. त्यांना घरी बसा असे सांगणे सोपे आहे. परंतु ज्याने पन्नास वर्षे सायकल चालवली त्याला ती सोडायला लावण्यापूर्वी, ती पावसात कशी दिसेल आणि त्यावरून त्याला काय दिसेल याचा विचार करणे अधिक न्यायाचे ठरेल. हा लेख त्या विचारासाठी आहे.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. वय ७२. सारी गल्ली त्यांना ‘सर’ म्हणते. त्यांच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, उजव्याची व्हायची आहे. ऑगस्टमध्ये भंडारदऱ्याला जाऊन रतनवाडी, साम्रद, घाटघर असा फेरा सायकलने करायचा, हे त्यांनी ठरवून टाकले. त्यांच्या कन्येने विरोध केला नाही. तिने एकच अट घातली, ‘बाबा, मी मागून मोटार घेऊन येणार, आणि मी थांबा म्हणाले की थांबायचे.’ शेजारधर्म म्हणून मी तिच्या शेजारच्या आसनावर बसलो. त्यामुळे सायकलस्वाराला पावसात मागून येणारा वाहनचालक कसा पाहतो, किंवा कसा पाहू शकत नाही, याचे सलग दिवसभर निरीक्षण करण्याची संधी मला मिळाली. सायकलवर बसणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. आपला मागचा दिवा लागलेला आहे की विझला, हेही त्याला कळत नसते.

शेंडीहून रतनवाडीकडे जाणारा रस्ता जलाशयाच्या कडेने वळणे घेत जातो. सकाळी आठची वेळ, पाऊस मध्यम. सरांच्या अंगावर गर्द निळा रेनकोट होता. पन्नास-साठ मीटर अंतर पडले की तो निळा रंग डोंगराच्या काळ्या-हिरव्या रंगात मिसळून जाई आणि उरे तो फक्त मागचा तांबडा दिवा. दिवसा दिवा कशाला, असे आपल्याला वाटेल. डेन्मार्कमधील ओडेन्स या शहरात २००४-०५ मध्ये सुमारे चार हजार सायकलस्वारांवर याचा एक मोठा प्रयोग झाला. काहींच्या सायकलींना चाकावरील चुंबकाने चालणारे, दिवसरात्र आपोआप लुकलुकणारे दिवे बसवले, काहींच्या नाही. वर्षअखेर दिवे असणाऱ्यांच्या गटात दुखापतीच्या अपघातांचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळले. डेन्मार्कच्या करड्या आकाशाखाली हे खरे असेल, तर सह्याद्रीच्या श्रावणात ते अधिकच लागू पडावे. म्हणून पहिले सूत्र हे की पावसात सायकल घराबाहेर पडली की दोन्ही दिवे चालू, घड्याळात कितीही वाजले असोत.

तासाभराने एका वळणावर तो तांबडा ठिपका एकाएकी नाहीसा झाला. कन्येने मोटारीचा वेग आणखी कमी केला. जवळ गेल्यावर कारण कळले. वाऱ्याने रेनकोटचा मागचा घेर खाली उतरला होता आणि सीटखालच्या दांड्यावर बसवलेल्या दिव्यावर पडद्यासारखा पसरला होता. दिवा जळत होता, पण रेनकोटच्या आत. पावसाळी सायकलस्वारीतला हा सर्वांत सामान्य दोष असावा, कारण पुढे रतनवाडीपर्यंत भेटलेल्या सहा-सात तरुण सायकलस्वारांपैकी दोघांचे दिवे मी असेच झाकलेले पाहिले. उपाय साधा आहे. मागचा दिवा सीटखाली न बसवता कॅरिअरच्या मागच्या कडेला, किंवा मडगार्डवर बसवावा, म्हणजे रेनकोट कितीही फडफडला तरी तो मोकळा राहतो. तो जमिनीला समांतर, सरळ मागे पाहणारा असावा. आकाशाकडे किंवा डांबराकडे वळलेला दिवा चालकाच्या डोळ्यांपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. आमच्याकडच्या इलॅस्टिक पट्टीने तो दिवा कॅरिअरला बांधला आणि पुढला सारा वेळ तो दिसत राहिला.

रतनवाडीत अमृतेश्वराचे मंदिर आहे. शिलाहारकालीन समजले जाणारे हे काळ्या पाषाणाचे शिल्प पावसात न्हाऊन अधिकच काळे आणि अधिकच रेखीव दिसते. शेजारी पुष्करणी आहे, वर ढगात रतनगड, आणि याच परिसरातून प्रवरा उगम पावते. ज्येष्ठांसाठी इथे एक सूचना करावीशी वाटते: मंदिराच्या ओल्या दगडी पायऱ्यांवर शेवाळ असते, आणि सायकलवरून न पडलेला मनुष्य इथे पडू शकतो. काठी वा कोणाचा हात घ्यावा.

मंदिराजवळच्या चहाच्या टपरीवर एक वृद्ध आजोबा इरले घेऊन आले. बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे ते पाठीवरचे छत आता दुर्मीळ झाले आहे. सरांच्या सायकलचा लुकलुकणारा दिवा पाहून ते हसले आणि म्हणाले, ‘आमच्या येळला बत्ती होती बगा, तिच्यावर पान झाकून न्यायचो.’ त्यांच्या या बोलण्यावरून आमच्या मोटारीत पुढचा अर्धा तास जुन्या दिव्यांच्या आठवणींत गेला. आपल्यापैकी ज्यांचे बालपण पुण्यात, नाशकात वा सोलापुरात गेले त्यांना आठवत असेल, की रात्री दिव्याशिवाय सायकल चालवली तर पोलीस अडवत आणि दंड होई. डबल सीट बसणे आणि दिवा नसणे हे दोन सायकलस्वारांचे सनातन गुन्हे. रॉकेलचे छोटे कंदील हँडलला अडकवले जात. कार्बाइडचे दिवेही होते. वरच्या कप्प्यातून खालच्या कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबके, त्यातून अॅसिटिलीन वायू निघे आणि तो जळे. पाण्यावर चालणारा सायकलचा दिवा, असे त्याला म्हणता येईल. पावसात त्याचे कौतुक अधिक व्हावे, पण ज्योत वाऱ्याने विझे ती विझेच.

मग डायनामो आला. टायरच्या कडेला घासणारी ती छोटी बाटली, पायडल मारताच उजळणारा पिवळा प्रकाश आणि चढावर जाणवणारा जडपणा कोण विसरेल? पावसात मात्र तिची फजिती होत असे. टायरची कड चिखलाने आणि पाण्याने निसरडी झाली की बाटलीचे चाक घसरे, दिवा मिणमिणे आणि नेमक्या गरजेच्या वेळी अंधार पडे. सायकल थांबली की दिवाही विझे. आज चाकाच्या हबमध्येच बसवलेला डायनामो मिळतो. तो टायरवर घासत नसल्यामुळे पावसात घसरत नाही, आणि अशा बऱ्याच दिव्यांत थांबल्यावरही काही मिनिटे प्रकाश टिकवण्याची सोय असते. किंमत अधिक असते, पण ज्यांना चार्जिंगची आठवण राहत नाही अशा ज्येष्ठांसाठी हा उत्तम पर्याय होय. वर उल्लेखिलेले चुंबकी दिवेही याच जातीचे.

(गंमत अशी, की याच फेरीवर एक महाकाय डायनामो आहे. घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प २५० मेगावॅटचा आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा कोकणाच्या बाजूच्या खालच्या जलाशयातून पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची. सरांनी आपल्या वर्गाला शिकवावे तसे हे आम्हाला रस्त्याच्या कडेला, भर पावसात, समजावून सांगितले.)

रतनवाडीहून साम्रदकडे जाताना पावसाचा जोर वाढला, आणि इथे डोळ्यांविषयी काही सांगणे आवश्यक आहे. वाढत्या वयात बाहुली लहान होते, भिंग पिवळसर आणि धूसर होते. परिणामी साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या तरुणाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे सरावायलाही अधिक वेळ लागतो. मोतीबिंदू असेल तर समोरून येणाऱ्या दिव्याचा प्रकाश भिंगात विखुरतो आणि डोळ्यांपुढे पांढरा पडदा उभा राहतो. काचबिंदू असेल तर कडेचे दिसणे कमी झालेले असते आणि रुग्णाला त्याची जाणीव नसते. पाऊस या प्रत्येक अडचणीत भर घालतो. कोरड्या रस्त्यावर सायकलच्या पुढच्या दिव्याचा प्रकाश खडबडीत डांबरावर पडून काही अंशी आपल्याकडे परत येतो, म्हणून रस्ता दिसतो. ओले डांबर आरशासारखे वागते. आपला प्रकाश ते पुढे परतवते, त्यामुळे आपल्याला रस्ता काळाच दिसतो, आणि समोरच्या मोटारीचा प्रकाश मात्र तेच डांबर आपल्या डोळ्यांत फेकते. पाण्याने भरलेला खड्डा आणि नुसता ओला रस्ता यांत फरक कळेनासा होतो. त्यात चष्म्यावर थेंब आणि आतून वाफ.

म्हणूनच कोरड्या रात्री पुरेसा वाटणारा दिवा पावसात अपुरा पडतो. तो अधिक प्रखर करावा, ही स्वाभाविक इच्छा. पण धुक्यात तीच घात करते. धुक्याचे सूक्ष्म जलबिंदू प्रकाश परत आपल्याच डोळ्यांकडे फेकतात आणि समोर दुधाळ भिंत उभी राहते. दिवा डोळ्यांच्या जितका जवळ, तितकी ही भिंत दाट. कपाळावर बांधायची बॅटरी म्हणूनच धुक्यात निरुपयोगी ठरते. दिवा हँडलवरून खाली, पुढच्या चिमट्यावर बसवला आणि किंचित खाली झुकवला तर प्रकाश धुक्याखालून रस्त्यावर पडतो. साम्रदच्या अलीकडे सरांनी तो बदल करून पाहिला आणि ‘आता निदान खड्डा खड्ड्यासारखा दिसतो’ असा अभिप्राय दिला. खाली झुकवल्याने समोरून येणाऱ्याचे डोळेही दिपत नाहीत, आणि समोरून येणारा कदाचित सत्तरीचाच असतो.

दिवा लुकलुकता असावा की स्थिर, यावर सायकलस्वारांत अखंड वाद चालतो. लुकलुकता दिवा लक्ष वेधतो यात शंका नाही. परंतु लुकलुकणारा एकच ठिपका किती लांब आहे आणि कोणत्या दिशेने सरकतो आहे, याचा अंदाज मागच्या चालकाला नीट येत नाही. जर्मनीत तर सायकलवर लुकलुकते दिवे लावण्यास मनाईच आहे. त्या दिवशी मोटारीतून पाहताना मला स्थिर तांबडा दिवा अधिक विश्वासाचा वाटला. दोन दिवे असतील तर एक स्थिर आणि एक मंद लुकलुकता ठेवावा, हे माझे मत. आणि दोन असावेतच. एक बंद पडला तर सायकलस्वाराला कळणार नाही, हे वर सांगितलेच आहे. सोबत कोणी असेल तर प्रत्येक थांब्यावर त्याने मागचा दिवा पाहून ‘चालू आहे’ असे मोठ्याने सांगण्याची पद्धत ठेवावी.

दिवे लावले म्हणजे आपण ओळखू येतो, असेही नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी रात्रीच्या रस्त्यावर तरुण आणि वयस्क चालकांना सायकलस्वार कितपत ओळखता येतात हे तपासले. सर्वांत लवकर ओळखला गेला तो घोट्यांना आणि गुडघ्यांना चमकत्या पट्ट्या बांधलेला सायकलस्वार. पायडलबरोबर वर-खाली होणारी ती चमक पाहताच मेंदू ‘हा मनुष्य आहे’ असे ओळखतो. निव्वळ ठिपका हा कशाचाही असू शकतो. याच प्रयोगात वयस्क चालकांनी तरुणांपेक्षा कमी सायकलस्वार ओळखले. मोटार चालवणाऱ्या ज्येष्ठांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. शंभर-दोनशे रुपयांच्या या पट्ट्या रेनकोटाबाहेर, घोट्यावर बांधाव्यात, आणि चिखल उडाला की ओल्या फडक्याने पुसाव्यात. चिखलाने माखलेली पट्टी परावर्तन करत नाही. पोटरीला घट्ट आवळू नयेत. मधुमेहींच्या पायांची संवेदना कमी असते, वळ उठले तरी कळत नाही.

दिवा विकत घेताना खोक्यावर ‘आयपीएक्स’ हा शब्द आणि त्यापुढचा आकडा पाहावा. आयपीएक्स ४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्याला तोंड देणारा. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी न शिरणारा. शहरातल्या पावसाला पहिला चालतो. घाटघरच्या पावसात दुसरा बरा, कारण इथे पाणी वरून पडते तसेच चाकावरून चिखलासह खालूनही उडते. मडगार्ड नसलेल्या सायकलचा मागचा दिवा अर्ध्या तासात तपकिरी होतो. पण आकड्यापेक्षाही एक गोष्ट महत्त्वाची मानावी: चार्जिंगच्या छिद्रावरचे रबरी झाकण. ते नीट दाबून बसवलेले नसेल तर सातचा आकडा काही कामाचा नाही. म्हाताऱ्या बोटांना हे छोटे झाकण आणि छोटे बटण दोन्ही त्रास देतात. संधिवाताने आखडलेल्या, पावसाने गारठलेल्या बोटांनी रबराखालचे इवलेसे बटण दाबून पाहा! म्हणून दुकानात दिवा घेताना हातमोजा घालून बटण दाबून पाहावे. मोठ्या बटणाचा, थोडा जाडजूड दिवा ज्येष्ठांना बरा. वडिलांना भेट म्हणून दिवा घेणाऱ्या मुला-मुलींनी तो स्वतःच्या नव्हे, वडिलांच्या बोटांनी तपासावा.

खोक्यावरचा ‘इतके तास चालतो’ हा आकडाही फसवा असतो. तो बहुधा सर्वांत मंद प्रकाशाचा असतो. पूर्ण प्रकाशात तोच दिवा दोन-तीन तासांत मान टाकू शकतो. सरांचा पुढचा दिवा दुपारी तीनच्या सुमारास तांबडा इशारा देऊ लागला.

तेव्हा आम्ही घाटघरला होतो. इथल्या कोकणकड्यावरून निरभ्र दिवशी खाली कोकण दिसते. त्या दिवशी कड्यापलीकडे पांढऱ्याखेरीज काही नव्हते, आणि कड्यावरून वारा पाऊस उलटा वर उडवत होता. सर पूर्ण भिजलेले, पण मुद्रा प्रसन्न. शेंडी अजून बरेच दूर होते. जलाशयाच्या पलीकडच्या काठाने, उडदावणे-पांजरे करत परतायचे. जुलै-ऑगस्टमध्ये पंचांगातला सूर्यास्त सातच्या आसपासचा असला तरी पश्चिमेला सह्याद्रीचा माथा आणि वर ढग, यामुळे इथे पाचलाच संध्याकाळ होते. कन्येने मोटारीतून उतरून वडिलांचा हात हातात घेतला. तो गार होता, बोटे थोडी थरथरत होती. ती म्हणाली, ‘बाबा, थांबा.’

सरांनी एकदा रस्त्याकडे पाहिले. त्यांचा उजवा डोळा, समोरून आलेल्या एका जीपच्या दिव्याने मघाशी पूर्ण दिपला होता, हे त्यांनी तेव्हा सांगितले. शिवाय ते हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. अशा रुग्णाला डोक्याला किरकोळ वाटणारा मार लागला तरी आत रक्तस्राव होण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, आणि जलाशयाच्या या बाजूला मोबाइलचा संपर्क तुटक, मोठा दवाखाना लांब. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची तरी आधी फोन लागला पाहिजे. कोणी समजूत घातली नाही. घाटघरमधल्या एका पिकअपवाल्याने सायकल शेंडीला पोहोचवण्याचे मान्य केले. सायकल चढवताना सरांनी मागचा दिवा बंद केला नाही. पिकअप पुढे आणि आम्ही मागे, असे शेंडीपर्यंत तो तांबडा ठिपका आमच्यापुढे डुलत होता, आणि पिकअपच्या स्वतःच्या मागच्या दिव्यांपैकी एक बंद होता, हेही नमूद केले पाहिजे.

सत्तरीच्या पुढील व्यक्तीने धुक्यात, घाटरस्त्यावर, संधिप्रकाशात सायकल चालवू नये, दिवा कितीही चांगला असो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. पण ते सकाळच्या फेरीला लागू नाही. सकाळी आठ ते दुपारी दोन हा काळ, दोन मागचे दिवे, एक पुढचा, घोट्यांना पट्ट्या, गर्द निळ्याऐवजी पिवळा किंवा पोपटी रेनकोट, कानटोपीऐवजी पुढे झडप असलेली टोपी आणि तिच्यावर हेल्मेट, म्हणजे चष्म्यावर थेंब कमी पडतात. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी ते पावसात भिजू द्यायचे नसल्याने काढून ठेवले, तर मागून येणारे वाहन ऐकू येणार नाही. त्यांच्यासाठी मागचा दिवा आणि हँडलवरचा छोटा आरसा दोन्ही अत्यावश्यक. ओल्या रिमवर ब्रेकची रबरे उशिरा पकड घेतात, म्हणून उतारावर वेग आधीच कमी करावा. नेत्रतज्ज्ञांना ‘मी पावसात सायकल चालवतो’ असे स्पष्ट सांगून डोळे तपासून घ्यावेत. नुसते ‘दिसते का’ विचारल्यास आपण सगळेच ‘दिसते’ म्हणतो.

शेंडीच्या मुक्कामी दिव्यांची शुश्रूषा सरांनी स्वतः केली. बाहेरचे पाणी व चिखल कोरड्या सुती फडक्याने पुसला, मगच रबरी झाकण उघडले, आतली ओल टिपली, आणि दिवे रात्रभर खोलीत पंख्याखाली उघडे ठेवले. ओला दिवा लगेच चार्जिंगला लावू नये. छिद्रातली धातूची टोके गंजतात आणि बिघाड होऊ शकतो. चुलीजवळ वा कडक उन्हातही वाळवू नये. सुट्या सेलवर चालणारा दिवा असेल तर हंगाम संपल्यावर सेल काढून ठेवावेत, अन्यथा ते गळून आतली पट्टी हिरवी-पांढरी होते. घरी औषधांच्या बाटल्यांत येणारी सिलिका जेलची पुडी दिव्याच्या डबीत टाकली तर ओलावा धरत नाही. आपल्या वयाच्या मंडळींच्या घरी अशा पुड्यांची कमतरता नसावी.

एक सूचना मात्र दिवा विझवण्याची. मेअखेरीपासून मध्य जूनपर्यंत, पहिल्या सरींच्या आगेमागे, या परिसरातल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजव्यांचे थवे लखलखतात. झाडेच्या झाडे एका लयीत उजळतात आणि मालवतात. हा प्रकाश म्हणजे काजव्यांचा एकमेकांशी संवाद; नर-मादीची भेट त्यावर अवलंबून असते. मोटारींचे झोत, कॅमेऱ्यांचे फ्लॅश आणि प्रखर बॅटऱ्या त्या संवादात व्यत्यय आणतात. हा सारा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे आणि वन विभाग त्या दिवसांत प्रवेशाचे नियम घालतो. काजवे पाहायला ज्येष्ठांनी सायकलने जाऊच नये. वाहनाने जावे, ते दूर उभे करावे, दिवे पूर्ण मालवावेत, कोणाचा तरी हात धरून चार पावले चालावे आणि डोळ्यांना सरावायला वीस मिनिटे द्यावीत. तरुणांना हे लवकर जमते. आपल्याला वेळ लागतो, तेवढे थांबावे. परतताना पायापुरता उजेड हवा असेल तर बॅटरीवर तांबडा कागद लावून ती जमिनीकडे धरावी.

सरांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर ठरली आहे. उरलेला टप्पा, घाटघर ते शेंडी, पुढच्या ऑगस्टात सकाळी करायचा असे त्यांचे आणि कन्येचे ठरले आहे. पिवळा रेनकोट मात्र तिने आताच घेऊन ठेवला आहे.